पाचवं नाव

९ जानेवारी

प्रिय ठमे,

स्मारकाचा दगड गेला. रस्ता रुंद करायचा म्हणून सोमवारी क्रेनने उचलला आणि उचलताना त्याला मधोमध चीर गेली. मुकादम "किरकोळ आहे, भरून काढू" म्हणत होता. आज नगरपालिकेच्या अभियंत्याने मला स्वतः सांगितलं, की तो दगड परत उभा राहणार नाही. सध्या पंपघराच्या मागे, पाइपांच्या ढिगाशेजारी पालथा पडला आहे. मी जाऊन पाहून आलो. पालथा! निदान तोंड वर करून तरी ठेवायचा.

तू म्हणशील, जुना झाला होता, नवा करतील. करणार आहेतच. काळा, गुळगुळीत, खाली दिवे लावलेला, एप्रिलच्या कार्यक्रमाआधी. माझं भांडण त्यावरून नाही. नव्या दगडावर नावं हुद्द्याप्रमाणे येणार आहेत. जुन्यावर ती घरांप्रमाणे होती, हे तुझ्या कधी लक्षात आलं होतं का? रस्त्यावरून गल्लीत शिरलं की पहिलं घर शिंपीकाकांचं, म्हणून सगळ्यांत वर त्यांचं नाव. मग सायकलवाल्यांचा धाकटा, मग गवंड्याचा मुलगा, मग बेकरीवाले काका. गल्ली आपल्या दाराशी संपते, म्हणून शेवटी बाबा. दगड वाचत खाली यायचं म्हणजे गल्लीतून चालत घरी यायचं. लहानपणी मी तो तसाच वाचायचो. पुलाच्या लढाईत एका सकाळी पाचही जण गेले. त्यात कोण कोणाला सलाम ठोकत होता, याच्याशी गल्लीला काय करायचंय?

हे सगळं अभियंत्याला सांगितलं. मुलगा सभ्य आहे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण काका, हुद्द्याप्रमाणे तुमच्या वडिलांचंच नाव सगळ्यांत वर येतंय." म्हणजे मी खूश होऊन घरी जावं! तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा वरच्या हुद्द्याचे होते हे खरं, पण म्हणून शिंपीकाकांना ढकलून त्यांना वर बसवू?

आईला यातलं काही माहीत नाही. गुडघ्यांमुळे या आठवड्यात ती गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दगडापर्यंत गेलेली नाही, आणि गेली असती तरी मोतीबिंदूमुळे दगड आहे की नाही हे तिला दिसलं नसतं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनसाठी तुझ्याकडे येते आहे. तिच्यासमोर एक अक्षर काढू नकोस. जुना क्रम शिंपीकाकांच्या वडिलांनी तिला विचारून ठरवला होता. तिने मान हलवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. ती परत येईल तेव्हा दगड जसा होता तसाच दिसला पाहिजे.

फोन करू नकोस. छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले आहेत, फोनवर तुझं "हॅलो" तेवढं ऐकू येतं आणि मग नुसता वारा.

तुझा,
दादा

*

१८ जानेवारी

प्रिय दादा,

आई सुखरूप पोचली. आल्या आल्या माझ्या पलंगाची चादर उचकटून नव्याने घातली. "इतकी वर्षं दवाखान्यात नर्स आहेस आणि कोपरा असा दुमडतेस?" तिला दिसत नाही म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवून दे. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला आहे. माझ्या वॉर्डाच्या खालच्याच मजल्यावर, म्हणजे मला जाता-येता डोकावता येईल.

आता दगडाबद्दल. राग येणार असेल तर आधीच येऊ दे. बाबांचं नाव वर आलं तर बिघडलं काय? तू शाळेत जाईपर्यंत तुला बाबा होते. मी कडेवर होते. मला त्यांचा आवाज माहीत नाही, वास माहीत नाही. माझे बाबा म्हणजे त्या दगडावरची शेवटची ओळ. आणि दरवर्षी नावं वाचताना ती ओळ येईपर्यंत लोकांची चुळबुळ सुरू झालेली असते, मागची माणसं खुर्च्या सरकवायला लागतात. एकदा तरी ते नाव लोक ताजेतवाने असताना ऐकतील, एवढाच माझा स्वार्थ.

आणि खरं सांगू? घरांचा क्रम माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा कळलं. मलाच माहीत नाही तर अभियंत्याला कुठून असणार?

आईला काही बोलले नाही. पण हे लपवाछपवीचं काम मला नीट जमत नाही, हे तुला माहीत आहे.

ठमी

*

२७ जानेवारी

ठमे,

तुला नसेल कळला, पण गल्लीला कळतो. शिंपीकाकू अजून म्हणतात, "आमचे पहिले." त्यांच्याकडून ते पहिलेपण काढून मी बाबांना देऊ आणि त्याच गल्लीत राहू? तू वर्षातून एकदा येतेस. मला रोज त्यांच्या दारावरून जायचं असतं.

असो. इथली हालहवाल ऐक. बांधकाम विभाग म्हणतो, मजकूर आमच्याकडे नाही, उद्यान विभागाकडे जा, कारण नवा दगड बागेच्या कडेला बसणार. उद्यान विभागातल्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं, "आमच्याकडे फक्त झाडांच्या पाट्या असतात." तिथून स्मारक समिती. अध्यक्ष कोण, तर आपले सिमेंटवाले. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला आणि आपल्या पाठदुखीबद्दल बोलत राहिले. शेवटी मीच विषय काढला.

"अहो, नावं तीच, माणसं तीच," ते म्हणाले. "क्रमाने काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर आमच्या क्रमाने घ्या."

"नियम आहे."

"दाखवा."

"नियम म्हणजे, पद्धत आहे."

"कोणाची?"

"सगळीकडची."

मी टोपी उचलली आणि निघालो. दारापर्यंत सोडायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या वडिलांना मोठेपणा मिळतोय, तो घ्या की." दोघेही एकच बोलतात, तो अभियंता आणि हे. आणि आता तूही.

आता पाचही घरांच्या सह्या घेऊन जाणार आहे. तू मदत करणार नसशील तर निदान गप्प बस.

दादा

*

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

दोन्ही डोळे झाले. काल पट्टी काढली. आईने पहिल्यांदा काय पाहिलं असेल? माझ्या हनुवटीवरचा केस. "हा कधी आला?" म्हणाली. डॉक्टर हसून हसून बेजार. आता घरभर फिरून धूळ शोधते आहे. घडीच्या कपड्यांवरचे डाग, आरशाच्या कडा, सगळं तिला दिसायला लागलंय. मला सुट्टी घेऊन साफसफाई करावी लागणार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चुकलंच माझं. तू रोज त्या दारांवरून जातोस हे मी विसरले होते.

आणि एक गोष्ट झाली. परवा जेवताना आईने आपणहून विचारलं, "दगडाचं काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, आहे की तिथेच." ती ताटातलं नुसतं चिवडत राहिली. मला वाटतं तिला कुणकुण लागली आहे आणि जुना दगड जाईल या धास्तीने ती गप्प झाली आहे. ते बघून मला राहवलं नाही. त्याच रात्री मी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून टाकलं. जरा कडक लिहिलंय. हुद्द्याप्रमाणे नावं लावणं म्हणजे मेलेल्या माणसांना पुन्हा परेडला उभं करणं आहे, वगैरे. शेवटी लिहिलं, की दगड घरांच्या क्रमाने झाला नाही तर आमची आई कार्यक्रमाला येणार नाही. तू रागावशील म्हणून टाकल्यानंतर सांगते आहे.

ठमी

*

२१ फेब्रुवारी

ठमे,

कोणी सांगितलं होतं तुला? आईच्या नावाने धमकी? अध्यक्षांनी तुझं पत्र भर बैठकीत मोठ्याने वाचलं. मी मागच्या बाकावर बसलेलो. "परेडला उभं करणं" हे वाक्य आलं तेव्हा सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू मीच तुझ्या मागे उभा राहून लिहून घेतलंय. मला जमीन दुभंगावी असं झालं.

आणि मग काय व्हावं? तुझ्या त्या आगाऊ पत्राने काम झालं! माझे हेलपाटे, माझ्या सह्या, सगळं बाजूला राहिलं. अध्यक्षांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "म्हातारी आली नाही तर वर्तमानपत्रवाले विचारतील." संपलं. घरांच्या क्रमाला मंजुरी. अभियंत्याने बाहेर आल्यावर माझा हात हातात घेतला. चांगला मुलगा आहे, उगाच त्याच्यावर ओरडलो होतो.

सह्यांचं सांगायचं राहिलं. सायकलवाल्यांच्या पुतण्याने दुकानातल्या काळ्या हातांनीच सही केली, कागदावर अंगठ्याचा ठसा फुकट आला. शिंपीकाकूंनी कागद डोळ्यांपाशी नेऊन पाहिला आणि विचारलं, "आमचे पहिलेच ना?" मी म्हटलं, "पहिलेच." मग सही केली. त्यांची मात्र मान हलेना की हसू येईना. वय झालं आता.

कारागीर पुढच्या आठवड्यात काम सुरू करतोय. आईला अजून सांगू नकोस. आता तर मुळीच नको.

दादा

*

१२ मार्च

प्रिय ठमे,

दगड उभा राहिला. काल संध्याकाळी शेवटचा बोल्ट बसला. मी समोर उभा राहून वरपासून खालपर्यंत वाचला. शिंपी, सायकल, गवंडी, बेकरी, घर. काळा दगड मला आवडत नाही, त्यात आपलंच तोंड दिसतं, पण क्रम अक्षरशः होता तसा आहे. अक्षरंही जुन्या वळणाची घ्यायला लावली. छापखान्यात जन्म गेला त्याचा एवढा तरी उपयोग.

खूप दिवसांनी नीट झोपलो.

सोबत फोटो आहे. आता आईला दाखव. म्हणावं, तुझ्या पोराने केलंय. आणि ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिही, तुझी भर घालू नकोस.

दादा

*

२० मार्च

दादा,

हे पत्र खुर्चीवर बसून वाच. शब्दाला शब्द लिही म्हणालास, तसंच लिहिते आहे.

फोटो दाखवला. तिने चष्म्याशिवाय पाचही नावं मोठ्याने वाचली. पाचव्याशी थांबली. मग फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"तस्साच केला?" म्हणाली.

"हो. दादा इतके महिने भांडला त्यासाठी."

"का?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी. घरांचा क्रम जाऊ नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो घरांचा क्रम नाही गं. तो तारेचा क्रम आहे."

दादा, तू त्या दुपारी शाळेत होतास. मी तिच्या कडेवर होते. ती म्हणाली, तारवाला रस्त्याच्या बाजूने आला. शिंप्यांच्या भिंतीला सायकल लावली. आतून किंकाळी आली तशा सगळ्या बायका दारात आल्या. मग तो सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत निघाला. सायकलवाल्यांकडे थांबला. पुढची दोन घरं सोडली. मग गवंड्याकडे. "मी तुला घेऊन दारात उभी," आई म्हणाली. "आत जावं, दार लावून घ्यावं, असं वाटत होतं, पण पाय हलेना. बेकरीवाल्यांकडे तो बराच वेळ होता. त्याची पिशवी दिसत होती. तिच्यात अजून काही आहे की नाही ते दिसत नव्हतं. मग तो बाहेर आला आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही. इतका वेळ प्रत्येकीकडे बघत होता. माझ्याकडे नाही बघितलं. तेव्हाच कळलं."

मी विचारलं, "मग शिंपीकाकांच्या वडिलांना तू हो का म्हणालीस?"

"हो कुठे म्हणाले? ते कागद घेऊन आले, असं लिहितो म्हणाले. मी मान हलवली. तेव्हा कोणी काहीही विचारलं तरी मी मानच हलवत होते."

आणि मग म्हणाली, तेही तसंच लिहिते: "दरवर्षी ती नावं वाचतात ना, चार नावं होईपर्यंत तुमचे बाबा जिवंत असतात. मग पाचवं घेतात. दरवर्षी. आधी घेतलं असतं तर एकदाचं ऐकून मोकळी झाले असते. बाकीच्या चौघांसाठी मी कधी धड रडलेच नाही. त्यांची नावं चालू असताना मी आपली पिशवीकडे बघत असते."

मग उठून भांडी घासायला गेली. आधीच घासलेली होती ती.

ठमी

*

२६ मार्च

ठमे,

मग बोलली का नाही? इतक्या वर्षांत एकदा तरी? दरवर्षी मीच तिला हात धरून नेतो, पहिल्या रांगेत बसवतो, शाल नीट करतो. माझ्या हातात तिचा हात असतो. तो थंड पडतो हे मला माहीत होतं. मला वाटायचं, एप्रिलची सकाळ आहे, वारा असेल.

आणि हुद्द्याप्रमाणे झालं असतं तर बाबाच पहिले होते! अभियंता म्हणाला होता, अध्यक्ष म्हणाले होते, तू म्हणाली होतीस. सगळं जग आईला हवं ते द्यायला निघालं होतं आणि मी दोन्ही हात आडवे करून दारात उभा होतो. दोन दिवस छापखान्यात गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, जरा अडचण आहे. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी आणि आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंभीर आहे.

"अहो, दगड आहे तो, पाटी नव्हे. पुसून परत लिहायला."

"माहीत आहे."

"तुमच्या बहिणीचं ते परेडचं वाक्य मी भाषणात घेतलंय. पाठ झालंय माझं."

"माहीत आहे."

"मग आता काय करू? खालून वर वाचू?"

मी उठलो. वाटेत सायकलवाल्यांच्या दुकानापाशी पुतण्या म्हणाला, "काका, परत समितीत? आता काय राहिलं?" याला काय सांगू? बाबांना वर घ्यायचंय म्हणून सांगू? लोक म्हणतील, बघा, आधी मोठेपणा दाखवला आणि शेवटी स्वतःच्याच बापाकडे वळला.

काही होणार नाही आता. आईला यंदा तिकडेच ठेवून घे. गुडघ्यांचं कारण सांगू.

दादा

*

३१ मार्च

प्रिय दादा,

आईला इथे ठेवणार नाही. मी हळूच सुचवून पाहिलं तर म्हणाली, "मी नाही गेले तर त्यांचं नाव काय भिंतीने ऐकायचं?" ती येणार आहे. कपड्यांची पिशवीसुद्धा भरून झाली. तेव्हा कारणं शोधू नकोस.

आणि ती बोलली का नाही असं विचारतोस, तर तू विचारलंस का? मी तरी कुठे विचारलं? ती ताटात चिवडत होती तेव्हा मी स्वतःच अर्थ लावला आणि पत्र लिहायला बसले. आपण दोघंही त्या म्हाताऱ्या शिंप्यावर गेलो. तिने मान हलवली की आपलं काम झालं.

पण दादा, तुझं पत्र वाचताना मी एका जागी अडकले. अध्यक्ष टोमणा मारत होते, कबूल. पण खालून वर वाचायला हरकत काय आहे? दगड राहू दे तसाच. आईला दगड टोचत नाही, वाचणं टोचतं. बाबांपासून सुरू करायचं आणि रस्त्याकडे जायचं. कोणाचं नाव कुठून हलत नाही, कारागीर नको, मंजुरी नको.

फक्त एक आहे. खालून वाचलं तर शिंपीकाका शेवटी येतात. आईचं वाट बघणं उचलून काकूंच्या पदरात टाकायचं, असं नको व्हायला. त्यांना जाऊन विचार. सही मागू नकोस, विचार. आणि ते कानातलं मशीन कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, ते घालून जा.

ठमी

*

५ एप्रिल

प्रिय ठमे,

गेलो होतो. मशीन घालून गेलो.

शिंपीकाकू खिडकीपाशी बसून जुन्या कोटाची शिवण उसवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अजून एक सही राहिली का रे?" म्हटलं, नाही, विचारायला आलोय. "बस मग. विचारायला कोणी येत नाही."

तुझ्या पत्रातलं आईचं सगळं बोलणं मी त्यांना सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये थांबावं लागलं. त्या कात्री खाली ठेवून ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "तुझी आई! आणि मला इतकी वर्षं तिचा हेवा वाटतोय."

"हेवा?"

"मग? तिला चार घरांचा वेळ मिळाला. कळत तरी होतं काय येतंय ते. मी पिठाच्या हातांनी दार उघडलं होतं. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं. नावं वाचायला लागले की पहिला घाव माझ्यावर. अजून खुर्चीत नीट बसलेलीही नसते. मनात येतं, एकदा तरी थोडं थांबा की रे, मला श्वास घेऊ द्या."

मी म्हटलं, "पण तुम्ही तर म्हणता ना, आमचे पहिले?"

"तेवढंच होतं म्हणायला," काकू म्हणाल्या. "दुसरं काय मिळालं होतं?"

मग मी खालून वाचायचं विचारलं. त्या कोटाची घडी घालत बसल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, मी मशीन चाचपायला लागलो. तर म्हणतात, "निघाले तसेच की मग ते." मला कळेना. म्हणाल्या, भरतीला जायच्या दिवशी बाबाच आधी निघाले होते, गल्लीच्या टोकाकडून. बेकरीवाल्यांना हाक मारली, गवंड्याच्या मुलाला झोपेतून उठवलं, सायकलवाल्याला घेतलं आणि शेवटी त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. "यांच्या बुटाची नाडी तुटलेली. मी दोरा शोधत होते. तुझा बाप बाहेरून ओरडतोय, चल की लेका, लढाई संपेल तोवर! बाकीचे हसतायत. मला इतका राग आला होता त्याचा. अजून आहे थोडा."

मी खाली पडलेले उसवलेले दोरे गोळा करायला लागलो.

"यंदा तिकडून वाच," त्या म्हणाल्या. "मला सोसलं तर पुढेही वाच. नाही सोसलं तर पुढच्या वर्षी माझ्याकडून सुरू कर. आलटून पालटून. आम्ही दोघी आहोत तोवर एवढं करा. नंतर तुम्हाला काय हवं ते वाचा."

बाकीच्या तिन्ही घरी जाऊन आलो. त्यांची काही हरकत नाही. पुतण्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने दुकानात गिऱ्हाईक असताना डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. अध्यक्षांना सांगितलं, तुमचा टोमणा मंजूर झाला आहे. ते म्हणाले, "मला यातून सोडवा, तुम्हीच वाचा." म्हणजे रविवारी नावं मी वाचायची आहेत. लोकांसमोर मी कधी दोन वाक्यंही बोललेलो नाही. पाच नावं आहेत, तीही पाठ, आणि तरी काल स्वयंपाकघरात उभं राहून वाचून पाहिली तर पहिल्याच नावाला आवाज गेला.

पण अजून काही ठरलेलं नाही असं समज. आईला विचार. नीट समोर बसून विचार, आणि नुसती मान हलवली तर ते उत्तर धरू नकोस. तोंडाने काय म्हणते ते लिही. नाही म्हणाली तर वरून वाचेन, किंवा वाचणारच नाही. ती म्हणेल तसं.

दादा

*

९ एप्रिल

प्रिय दादा,

विचारलं. समोर बसून. तुझं पत्र तिने माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शिंपीकाकूंचं बोलणं आलं तिथे परत मागे जाऊन वाचलं. "तिने असं म्हटलं? पिठाच्या हातांनी?" बुटाच्या नाडीपाशी आली तेव्हा एकदम हसली. "ओरडायचेच ते. सगळी गल्ली उठायची." दादा, मला बाबांचा आवाज मोठा होता हे आज कळलं.

मी म्हटलं, "मग काय लिहू? दादा म्हणतो, मान हलवलेली चालणार नाही."

तोंडाने जे म्हणाली ते असं: "त्याला सांग, यांच्यापासून वाच. घाई करू नकोस. एकेका दारात थांबतात तसं थांब. आवाज गेला तर जाऊ दे, परत येईपर्यंत कोणी उठून जात नाही."

मला वाटलं झालं, म्हणून मी पेन बंद केलं. तर म्हणाली, "अजून लिही. शिंपीणबाईंची खुर्ची माझ्या शेजारी ठेवायला सांग. त्यांना पहिल्या रांगेच्या त्या टोकाला बसवतात, तसं नको. शेवटच्या नावापर्यंत बसणं काय असतं ते त्यांना माहीत नाही. मी आहे म्हणावं."

शनिवारी दुपारच्या गाडीने निघतोय, संध्याकाळी पोचू. रविवारी सकाळी तिला आधी खुर्चीपाशी न्यायचं, मग तू माइकपाशी जा. काकूंना बरोबर घेऊन यायला कोणाला तरी पाठव, किंवा असं कर, आई म्हणते, तिलाच गल्लीतून चालत त्यांच्या दारापर्यंत ने. तिथून त्या दोघी मिळून येतील.

ठमी